बेसिनाचा घसा

"बाई, तिथं काय सापडणार तुम्हाला? ताटात जेवा नाहीतर या बेसिनात जेवा, दोन्ही सारखंच."

"जेवायला नाही आले मामा. जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

"अहो, सकाळपासून दोनदा घासलंय. तोंड दिसेल तुमचं त्यात."

"तोंड मी घरी बघून आले." बाईंनी लांब दांडीची कापसाची काडी जाळीच्या भोकातून खाली सोडली, आत फिरवली आणि काढून नळीत घातली. "वरचं मला नकोय. याचा घसा बघायचाय."

मामा बाजूला झाला, पण गेला नाही. पाहुण्याने आपल्या घरातलं फडताळ उघडून बघावं आणि आपण नुसतं उभं राहावं, तसा फडकं पिळत उभा राहिला.

बाई म्हणजे तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर. कुणाच्या रक्तात, थुंकीत, जखमेत कुठला जंतू आहे आणि तो कशाने मरतो, हे शोधायचं त्यांचं काम. तोंडावर सगळे त्यांना डॉक्टर म्हणत आणि पाठ फिरली की जंतूबाई. त्यांना ते ठाऊक होतं. मामा मात्र तोंडावर आणि पाठीमागे नुसतं बाईच म्हणायचा.

मामाचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, बाकी कुठे नव्हतं. इस्पितळात झाडू हातात घेतला की माणूस आपोआप मामा होतो. या मामाला चौदा वर्षं झाली होती, सगळी एकाच वॉर्डात. बारा खाटा, रक्ताच्या कॅन्सरचे पेशंट. औषध चढवलं की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरत उतरत शून्यावर येतात आणि आठ-दहा दिवस माणूस दार-खिडक्या काढलेल्या घरासारखा उघडा पडतो. म्हणून तिथे स्वच्छतेला सगळ्यांत जास्त मान, आणि तो आपलाच आहे अशी मामाची समजूत. फरशी, खिडकीच्या कडा, पंख्याची पाती, सगळं तो बघायचा. पण त्याचा जीव होता तो औषधं भरायच्या कट्ट्याशेजारच्या बेसिनात. स्टीलचं बेसिन होतं. दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टर ते बघून जायच्या आणि आपल्या मामांना टोमणे मारायच्या.

त्या बेसिनापाशी जंतूबाई येण्याचं कारण असं, की दीड महिन्यात त्या वॉर्डात तिघांना थंडी वाजून ताप भरला होता. तिघांच्याही रक्तात एकच जंतू निघाला, आणि तो असा निबर, की पाच-सहा तगडी औषधं पचवून वर ढेकर देईल. तिघांतले दोघे गेले. एक घरी गेला. जंतू एकच, म्हणजे तो एकाच ठिकाणाहून येत होता. बाईंनी खाटांचे कठडे, सलाइनचे खांब, नळ, सिस्टरांचे हात, सगळीकडून नमुने घ्यायचं ठरवलं.

बाई सोमवारी येणार हे मामाला रविवारीच कळलं होतं. सोमवारी सहाला तो कामावर आला आणि सगळ्यांत आधी अर्धा कॅन ब्लीच बेसिनाच्या जाळीतून ओतलं. मागून गरम पाणी. पाहुणे येणार म्हटल्यावर कोणीही घर झाडून घेतं, त्यातलंच ते. नऊ वाजता बाई आल्या तेव्हा वास होता. पण सगळा वॉर्डच बारा महिने त्या वासाचा, त्यामुळे बाईंना त्यात वेगळं काही वाटलं नाही.

गुरुवारी निकाल आला. कठडे साफ, नळ साफ, बेसिनाचा घसा साफ. सिस्टरांचे हातही साफ. मामाने दुपारपर्यंत बाराही खाटांना बेसिनाचा निकाल सांगितला.

आता साफ निकालाची एक गंमत असते. सगळंच साफ निघालं, तरी ताप तर आलेच होते; मग कुणाकडे तरी बोट दाखवावंच लागतं. मोठ्या सिस्टरांनी ड्यूटीचं रजिस्टर उघडलं. तिन्ही पेशंटच्या छातीतल्या नळीतून औषध देणारी बहुतेक वेळा एकच सिस्टर निघाली. तिला सगळे डावखुरी म्हणत, कारण ती होतीच डावखुरी. नोकरीला दीड वर्ष झालेलं, जीभ तिखट. ओल्या फरशीवरून एकदा घसरली तेव्हा सगळ्यांसमोर मामाला म्हणाली होती, "मामा, तळंच केलंयत तर दोन बदकं पण सोडा." मामाने ते विसरायचं नाव घेतलं नव्हतं.

"हात साफ निघाले ना माझे?" डावखुरीने मोठ्या सिस्टरांना विचारलं.

"त्या दिवशी साफ होते. त्याच्या आधीचं कोण सांगणार?"

"मग आधीचं तुमचंही कोण सांगणार?"

असं बोलल्यावर जे व्हायचं तेच झालं. पुढच्या मंगळवारी तिची चौकशी ठरली, तोवर तिने पेशंटच्या नळीला हात लावायचा नाही. चौकशीनंतर ती या वॉर्डात राहणार नाही हे सगळे धरून चालले. नोकरीत तरी राहील का, यावर चहाच्या वेळी पैजा लागल्या.

संध्याकाळी मामाने हे सगळं घरी सांगितलं. घर म्हणजे जिन्याखालून शिरायच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मामी लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. उभं राहून राहून तिचा एक गुडघा कामातून गेला होता, म्हणून ती तो स्टुलावर टेकवून बगळ्यासारखी उभी राहायची. लेकीचं लग्न होऊन सहा वर्षं झालेली. घरात बोलायला दोघंच, त्यातलं चारात तीन वाटे मामीच बोलायची.

"साफ म्हणजे एकदम साफ," मामा म्हणाला. "बाईंच्या काडीला काही लागलंच नाही. लागेल कसं? सकाळीच अर्धा कॅन ओतून ठेवला होता."

मामीने इस्त्री उभी केली. "त्या यायच्या आधी?"

"मग काय नंतर ओतू?"

"म्हणजे परीक्षेच्या आधी पाटी पुसून ठेवलीत आणि आता सांगताय, एकही चूक निघाली नाही."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"मला काय कळणार. इथली मोरी आठ दिवस तुंबलीय एवढं कळतं. तिला नाही कधी कॅन आणलात." तिने बाही उलटी करून इस्त्री फिरवली. "आणि त्या पोरीचं काय?"

"तिचं ती बघेल. तोंड फार आहे तिला."

"तोंड आहे म्हणून जंतू होतात का? मग मला केव्हाच व्हायला हवे होते."

मामा म्हणाला, "आणि मी बोललो तर? दीड वर्ष उरलंय माझं. तपासणीत घोळ घातला म्हणून शेवटी शेवटी घरी बसवतील."

"मग नका बोलू. पानं वाढते, हात धुवा."

शुक्रवारी शिंप्याला ताप आला.

शिंपी सात नंबरच्या खाटेवर होता. पन्नाशीचा माणूस, औषधाने डोक्याचा गोटा झालेला, पांढऱ्या पेशी शून्य. पेशंटशी फार बोलायचं नाही असा मामाचा नेम होता; इथे माणसं जातात, सवय लावून घेऊ नये. पण शिंपी पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मामा, खिसा उलटा शिवलाय तुमचा. कुणी शिवला?"

"बायकोने."

"मग राहू द्या. छान आहे."

तेव्हापासून मामा सात नंबरखाली दोनदा पुसायचा.

शुक्रवारी अकराला शिंप्याचे दात वाजायला लागले. तीन पांघरुणं घातली तरी खाट हलत होती. रक्त काढून दोन बाटल्यांत भरलं आणि मामाच्या हातात दिलं. रक्ताच्या बाटल्या खाली प्रयोगशाळेत पोचवणं हेही त्याचंच काम. हलवायच्या नाहीत, फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत, वाटेत चहा प्यायला थांबायचं नाही. त्या दिवशी तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. शिंप्याला लगेच नेहमीचं तगडं औषध सुरू झालं. शनिवारी बाटलीतून जंतू उगवल्याचा निरोप आला, रविवारी त्याची ओळख पटली: तोच. औषध बदललं. डावखुरीने गुरुवारपासून शिंप्याच्या नळीला हात लावला नव्हता, पण त्याआधी आठवडाभर तिनेच लावला होता, त्यामुळे तिची बाजू बळकट झाली नाही, उलट आणखी एक रेघ तिच्या नावावर चढली.

त्याच रविवारी बेसिनातून वास आला. मामाला तो नवा नव्हता. आंबूस, जरा गोडसर. ब्लीच ओतलं की पाच-सहा दिवस जायचा आणि पुन्हा यायचा. दर पंधरा दिवसांनी मामा तार घालून जाळीखालून बुळबुळीत लांबलचक काहीतरी ओढून काढायचा. बेसिन म्हटलं की शेंबूड येणारच, असं त्याचं मत. या वेळी हात कॅनकडे गेला आणि तिथेच राहिला. का राहिला ते त्याला सांगता आलं नसतं. कॅन त्याने जागेवर ठेवला.

सोमवारी शिंप्याच्या रक्ताच्या नव्या बाटल्या घेऊन तो खाली गेला. बाई टेबलाशी एक काचेची चपटी ताटली उजेडात धरून बसल्या होत्या. बाटल्या ठेवून मामा दाराशी रेंगाळला.

"काय मामा?"

"हा तोच का? सात नंबरचा?"

"तोच. या, बघा." ताटलीत दुधावरच्या सायीसारखा थर पसरलेला होता आणि त्यावर टिकल्यांएवढ्या सहा कागदी चकत्या. "या प्रत्येक चकतीत एक औषध आहे. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जागा मोकळी राहते. अंगण झाडल्यासारखी."

मामाने वाकून बघितलं. साय चकत्यांना चिकटून आली होती. कुठेच अंगण नव्हतं.

"मग आता?"

"एक जुनं औषध आहे. त्याची तपासणी वेगळी, नळ्यांत करतात. त्याला हा अजून दबतो. पण त्याने मूत्रपिंडं जातात. देताहेत तेच."

"एवढा माजतो कशावर हा? खातो काय?"

"फार काही लागत नाही. ओल पाहिजे. आणि थोडं गोडधोड मिळालं तर मग विचारूच नका."

बाईंनी ताटली खाली ठेवून दुसरी उचलली, तरी मामा हलला नाही.

"बाई, बेसिनात पुन्हा काडी घाला."

"कशाला? साफ निघालंय ना. सगळ्या वॉर्डला तुम्हीच सांगत होतात म्हणे."

"तुम्ही यायच्या आधी मी त्यात अर्धा कॅन ब्लीच ओतलं होतं."

"किती आधी?"

"सहाला. तुम्ही नऊला आलात."

बाईंनी दुसरी ताटलीही खाली ठेवली. "आणखी?"

"आणखी काय?"

"एवढंच असतं तर तुम्ही सांगून निघाला असतात."

मामाने फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकलं. मग सांगितलं. सलाइनच्या पिशव्यांत तळाशी नेहमी थोडं उरतं. ते ओतायचं घाणपाण्याच्या मोरीत. मोरी वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला, दार अडकणारं. आणि कचऱ्याचा गाडीवाला ओली पिशवी घेत नाही. गळते, त्याच्या गाडीत पाणी होतं, तो शिव्या घालतो आणि पिशवी तिथेच टाकून जातो. म्हणून दिवसाच्या पंचवीस-तीस पिशव्या मामा जवळच्या बेसिनात रिकाम्या करायचा. नंतर बेसिन घासायचा. म्हणून तर ते इतकं चकचकीत.

"सगळ्या पिशव्या? ग्लुकोजच्यासुद्धा?"

"त्याच जास्त असतात. सांडलं तर चप्पल चिकटते."

"किती दिवस चाललंय हे?"

"चौदा वर्षं."

बाईंनी कपाळावर हात मारला नाही की आवाज चढवला नाही. एक काडी आणि एक नळी खिशात टाकली आणि म्हणाल्या, "चला."

वर आल्यावर त्यांनी आधी काडी घातली. या वेळी ती वर आली तीच शेवाळ लागल्यासारखी. मग त्यांनी डावखुरीला बोलावलं.

"इंजेक्शन भरायची तयारी कर. रोज करतेस तशी."

"मला हात लावायला बंदी आहे."

"पेशंटला लावायला बंदी आहे. ट्रेला नाही."

डावखुरीने ट्रे घेतला आणि कट्ट्यावर डाव्या अंगाला ठेवला, बेसिनाला लागून. बाकीच्या सिस्टर तो उजव्या टोकाला ठेवायच्या, दोन हात लांब. कुणी कधी त्याकडे बघितलं नव्हतं, ठेवणारीनेही नाही. बाईंनी ट्रेमध्ये टिपकागद पसरला आणि नळ पूर्ण सोडला. धार थेट जाळीच्या भोकावर पडली. अर्ध्या मिनिटाने नळ बंद करून त्यांनी कागद उचलला. त्यावर बारीक बारीक ठिपके उमटले होते, मोजायच्या पलीकडे.

डावखुरी कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे मीच," ती म्हणाली.

"तू ट्रे ठेवलास. पाणी नळाचं, घाण घशातली, खाऊ मामांचा आणि हे बेसिन कट्ट्याला चिकटवून बसवणारा कोण होता ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

बाईंनी पिशव्यांचं सांगितल्यावर मोठ्या सिस्टर मात्र मामावर घसरल्या. "चौदा वर्षं माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत."

"डोळ्यांदेखतच ओतत होतो सिस्टर. तुम्ही शेजारी उभं राहून औषधं भरत होतात."

यावर मोठ्या सिस्टरांना रजिस्टर आठवलं आणि त्या आत गेल्या.

बुधवारी काडीचा निकाल आला: तोच जंतू, त्याच खोडी. मंगळवारची डावखुरीची चौकशी निकालासाठी थांबवली होती; ती आता मामाची झाली. तीन साहेब, एक टेबल. विचारलं तेवढं मामाने सांगितलं. पण त्याला काढायचं म्हणजे लिहावं लागणार, का काढला. आणि तसं लिहायला घेतलं की मोरी इतकी लांब का, तिचं दार कधीपासून अडकतं, ओली पिशवी घेणार नाही हा नियम कुणाचा, हे सगळं ओळीने मागून यायला लागलं. शेवटी साहेबांनी ताकीद दिली, फाइलमध्ये कागद लावला आणि नोकरी ठेवली. प्लंबरने बेसिन उखडलं. खालचा वाकडा पाइप कापला तेव्हा त्यात करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती; बाकी सगळं राखाडी लोणी. भिंतीतल्या भोकाला बूच मारलं. हात धुवायला नवं बेसिन दाराशी बसवलं, कट्ट्यापासून लांब, धार भोकावर न पडणारं.

डावखुरीची बंदी उठली. ती मामाचे आभार मानेल असं काहींना वाटलं होतं. ती म्हणाली, "गुरुवारी बोलला असतात तर माझे चार दिवस वाचले असते."

"गुरुवारी मला माहीत नव्हतं."

"ब्लीचचं माहीत होतं."

मामाने बादली उचलली आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

बाईंना मात्र त्याने एकदा गाठलं, जिन्यात, बाटल्यांचा रिकामा खोका हातात असताना.

"बाई, ते दोघे गेले ते. माझ्यामुळे?"

बाई एक पायरी वर होत्या. त्यांनी जरा विचार केला. "आजार मोठा होता त्यांचा. पेशी नव्हत्या. ताप दुसऱ्या कशानेही आला असता. पण आला तो याने. तुमच्यामुळेच असं मी म्हणणार नाही मामा. तुमच्यामुळे नाही, असंही म्हणणार नाही."

"म्हणजे कळायचं नाही."

"नाही."

मामाने मान हलवली आणि खोका घेऊन खाली गेला. घरी मामीने विचारलं, काय म्हणाल्या बाई. त्याने जसंच्या तसं सांगितलं. मामीने त्याचा इस्त्री केलेला सदरा चळतीवरून उचलला, उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

शिंप्याचा ताप पाचव्या दिवशी उतरला. जुन्या औषधाने पाय सुजले, लघवी कमी झाली, तोंड भाजल्यासारखं झालं. पण पेशी वर यायला लागल्या आणि रक्ताच्या बाटल्यांत काही उगवेनासं झालं. मूत्रपिंडं किती परत येतील ते कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. बसता यायला लागल्यावर त्याच्या कानावर सगळं गेलंच. वॉर्डात गोष्ट लपत नाही. पडदे आहेत, भिंती नाहीत.

सकाळी साडेसातला मामा ओलं फडकं लावलेला दांडा घेऊन सात नंबरपाशी आला, तेव्हा शिंपी उशीला टेकून, पाय खाली सोडून बसला होता.

"मामा, ऐकलं ते खरं का?"

"खरं."

"म्हणजे त्या बेसिनातलं माझ्या रक्तात फिरत होतं."

मामा दांडा धरून उभा राहिला.

"आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"नव्हतं. थोडं होतं. तपासणी बिघडवली ती मी, तेवढं ठाऊक होतं. चार दिवस बोललो नाही."

शिंप्याचा आवाज अजून फुटका होता, बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. "राग यायला पण ताकद लागते हो मामा. ती आली की बघू." त्याने पाय पलंगावर ओढून घेतले, एक एक करून, हाताने उचलून. "तोवर पुसा. खाटेखाली कागद पडलाय काहीतरी."

मामा वाकला. इंजेक्शनच्या वेष्टनाचा तुकडा होता, तो उचलून डब्यात टाकला. मग दांडा खाटेखाली घातला, भिंतीपर्यंत नेला, मागे ओढला. एकदा पुसून झाल्यावर पाणी बदललं आणि पुन्हा पुसलं. आठ नंबरच्या खांबावर सिस्टरने नळी सोडवून ठेवलेली संपलेली पिशवी लटकत होती. ती उतरवली, तिच्यासारख्या आणखी चार जमल्या होत्या त्यांच्यासोबत बादलीत घातली, आणि बादली घेऊन तो दुसऱ्या टोकाच्या मोरीकडे निघाला. दार अडकलं होतं. खांदा लावून त्याने ते उघडलं.